हरिपूरच्या ताईंना उत्तर: बेडूक, सुई आणि महापूर

ताई, नमस्कार.

झेनोपस म्हणजे प्रयोगशाळांत पाळतात तो आफ्रिकी बेडूक; त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. संगमावर पावसाळ्यात एवढे बेडूक असताना आफ्रिकेतला कशाला? माद्यांना सुया टोचून अंडी घालायला लावणं हा छळ नाही का? आणि 2019 सारखा पूर आला तर टाक्यांतले बेडूक कृष्णेत जाणार नाहीत कशावरून?

पहिल्याचं उत्तर तुमच्या दारातच आहे. आपला पिवळाधमक बेडूक पहिल्या दणक्याच्या पावसात डरावतो, जोड्या जमतात, अंडी पडतात, हंगाम आटोपतो. मग प्रयोगशाळेनं वर्षभर ढगांकडे बघत बसायचं? झेनोपसची मादी जानेवारीतही अंडी देते. ती जन्मभर पाण्यातच राहते, जीभ नसल्यामुळे पुढच्या हातांनी खाणं तोंडात कोंबते (बघत बसावं असं दृश्य!) आणि नीट सांभाळली तर पंधरा वर्षंही जगते. अंडं मिलिमीटरभर, म्हणजे हाताळायला सोपं. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी याच अंड्यात बेडूकमाशाच्या आतड्याच्या पेशीचं केंद्रक घालून बेडूक वाढवले. 2012 च्या नोबेलमागे ते काम होतं.

आता सुई. पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही टोचायचो ते एचसीजी, गरोदर बाईच्या लघवीत सापडतं तेच संप्रेरक. पूर्वी बाईची लघवीच या बेडकीला टोचायचे; तिनं अंडी घातली की बाईला दिवस गेलेत हे पक्कं! संध्याकाळी टोचलं की सकाळी टाकीत अंडी. दुखत नाही असं मी म्हणणार नाही. एकदा अंडी दिलेल्या मादीला तीन महिने हात लावायचा नाही, हा नियम मात्र आम्ही पाळला. माझ्या मते खरा छळ पाण्याचा असतो. नळाचं क्लोरीनवालं पाणी तसंच ओतलं, किंवा एप्रिलात वीज गेली आणि 18-20 अंशांचं पाणी तापत गेलं, की त्यांचे हाल सुरू. एकदा माझ्या हाताला साबण राहिला होता. त्या दोन माद्या आठवडाभर कोपरा सोडेनात.

पुराबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि ते लेखात नव्हतं, ही माझी चूक. चिली, पोर्तुगालमध्ये हे बेडूक मोकळे सुटून फोफावले. फ्रान्समध्ये तर पैदास केंद्रातूनच निसटले. पुण्यातली आमची बेडकांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, पण ती जागा मिळाली म्हणून. पुराचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. सांगलीत कुणी असं काही काढणार असेल तर तळमजला नको, टाक्यांना घट्ट झाकण हवं आणि सांडपाण्याच्या तोंडाला बारीक जाळी. अंडी-पिल्लं तशीच गटारात सोडायची नाहीत. एवढा मजकूर आज लेखात घातला आहे.