मावशी छापताना

मावशीला पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून तिचा फोटो घरीच छापून द्यायचं मी कबूल करून बसलो. "नाक्यावरचा झेरॉक्सवाला दहा मिनिटांत काढून देतो," असं आई म्हणालीसुद्धा. पण घरात लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर, सहा शायांचा जुना इंकजेट प्रिंटर आणि प्रोग्रॅमर असे तिघं एकत्र राहायला लागले, की झेरॉक्सवाल्याकडे कोण जातं!

भिस्त होती गुटेनप्रिंटवर. फुकट, खुली लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, आणि फोटो छापण्यात वस्ताद. रॉबर्ट क्राविट्झ यांनी सहा रंगांचा प्रिंटर घेतला, त्याला लिनक्सवर धड ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) मिळेना, म्हणून त्यांनी गिंप या फोटो-एडिटरसाठी मायकेल स्वीट यांनी लिहिलेल्या छपाईच्या प्लगइनमध्ये हात घातला. त्यातून ही उभी राहिली. त्यांच्या हातून जगासाठी ड्रायव्हर झाले, माझ्या हातून एक मावशी व्हायची होती.

ही लायब्ररीबाई अख्खा फोटो एकदम घेत नाही. एकेक ओळ मागते, नंबर सांगून. आपण 'गेट_रो' नावाचं फंक्शन लिहायचं आणि मागेल ती ओळ द्यायची. मी नंबर पाहिलाच नाही, दर वेळी पहिलीच ओळ दिली. पहिल्या ओळीत मावशी नव्हतीच, मागचा पडदा होता. प्रिंटरने तोच इमानाने खालपर्यंत ओढला. काडेपेटीएवढी सतरंजी बाहेर आली.

"पडदा छान आलाय," आई म्हणाली.

ओळी सुधारल्या आणि मावशी आली. स्वच्छ, हसरी, पण जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंद! कागदाचा घोटाळा असेल म्हणून मी आणखी तीनदा छापलं. चारही मावश्या सारख्याच. चार बाय सहा इंचांचे मिलिमीटर करून मी १०२ आणि १५२ भरले होते. लायब्ररी मोजते पॉइंटांत, इंचाला ७२.

आता खरं तर थांबायचं. पण शाया निळी, गुलाबी, पिवळी असताना आपण आरजीबी, म्हणजे पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा, का सांगतोय, असा एक हुशार विचार आला. शायांचं 'सीएमवाय' लिहिलं. फोटोतले आकडे मात्र आरजीबीचेच, म्हणून रंग उलटे झाले. मावशीचा चेहरा निळा, कुंकू हिरवट-निळं.

"केस काळे झाले, ते तिला आवडेल," आई म्हणाली.

मग मी भिंग घेऊन आधीच्या मावशीचा गाल पाहिला. त्यात गालाच्या रंगाचा एकही ठिपका नाही! फिकट निळा, फिकट गुलाबी, पिवळा, मध्येच कोरा कागद. ठिपक्यांची रांगोळी, फक्त ठिपके जोडायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडलेलं. हे ठिपके कसे विखरायचे याच्या अनेक पद्धती लायब्ररीत आहेत. 'अ‍ॅडॅप्टिव्ह हायब्रिड', 'इव्हनटोन', 'व्हेरी फास्ट' वगैरे. त्या सगळ्या करून पाहिल्या. शाईचा हिशेब आईला सांगितलेला नाही.

शेवटचा प्रिंट पूर्ण आकारात आला. फक्त कागद 'ग्लॉसी', म्हणजे चकचकीत फोटोचा, निवडलेला आणि ट्रेमध्ये साधा कागद. शाई मनसोक्त ओतली गेली आणि मावशी भिजलेल्या पापडासारखी बाहेर आली. मी ओरडेपर्यंत आईने पदराने टिपलंही होतं.

रात्री सगळा गठ्ठा मावशीपुढे ठेवला. तिने सतरंजी बाजूला केली, पापड उलटा ठेवला आणि चार छोट्या मावश्या उचलून पर्समध्ये टाकल्या.

"बरं झालं रे. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय."