‘आठ लेसन झाले, स्लाइस तसाच’ या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं समाधान झालं नाही, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. आपली गोल्फच्या सरावाची रेंज लहान आहे, मुळशी रस्त्याच्या आत, पाटी शोधत यावं लागतं. नवीन माणूस आधी रिव्ह्यू वाचतो, मगच गाडी आत वळवतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, राग नसावा.

तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा. आठ लेसनचं पॅकेज घेतलं, पण बॉल अजून उजवीकडेच पळतो, म्हणजे स्लाइस तसाच. पहिले दोन लेसन नुसत्या ग्रिपवर, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) धरण्याच्या पकडीवर घालवले, आणि तेही पैसे काढायला. ४५ मिनिटं सांगून ३०च दिली. अमेरिकेचा गोल्फर बबा वॉटसन कुणाकडेही न शिकता दोनदा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला, तेव्हा लेसनने स्विंग (क्लब फिरवण्याची पद्धत) सुधारतो ही निव्वळ थाप. शिवाय पार्किंगमध्ये चिखल.

चिखल मान्य आहे. मुरूम टाकायचं काम पावसामुळे राहिलंय, उघडीप मिळाली की होईल.

वेळेचं सांगायचं तर तुमचा स्लॉट सहाचा असायचा. चांदणी चौकातल्या ट्रॅफिकला कुणीच काही करू शकत नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही सव्वासहाला पोहोचायचात आणि पावणेसातला शाळेची मुलं येऊन बाकावर बसलेली असायची. त्यांचे आईवडील गाडीत थांबलेले असतात. त्या मुलांची वेळ कापून मी तुम्हाला देऊ शकत नाही. तरी दोन-तीनदा त्यांना पटिंगला (बॉल हळूच होलमध्ये ढकलण्याच्या सरावाला) लावून तुमचं चालू ठेवलं होतं. मध्येच तुमचा ऑफिसचा कॉल यायचा, तोही मी कधी मोजला नाही. आता विषय निघाला म्हणून लिहितोय इतकंच.

पण ग्रिपबद्दल जे लिहिलंत ते फार लागलं.

पहिल्या दिवशी तुम्ही बॅगेतून हातमोजा काढलात तेव्हाच मला अर्धा आजार कळला होता. डाव्या हाताच्या मोज्याला तळव्याच्या टाचेपाशी, मनगटाच्या जरा वर, रुपयाएवढं भोक पडलेलं होतं. मोजा तिथे फाटतो याचा अर्थ क्लब बोटांत न धरता तळव्यात धरला जातोय आणि स्विंगमध्ये तो तिथे घासतोय, सरकतोय. तुम्ही कॉलेजपासून क्रिकेट खेळलात. बॅटचं हँडल तळव्यात बसतं, तिथे ते शोभतंही. गोल्फचा क्लब डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी तिरका बसावा लागतो. तसा बसला की वरून बघताना डाव्या मुठीची निदान दोन हाडं दिसतात, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली रेघ उजव्या खांद्याकडे जाते. तुमचं एकच हाड दिसत होतं आणि रेघ हनुवटीकडे. अशा ग्रिपने बॉलला लागताना क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, उघडा राहतो, उजवीकडे बघतो. तो उघडा आहे हे हातांना कळतं, म्हणून माणूस नकळत बॉल डावीकडे ओढायला बघतो. त्यात उजवा हात वरून आला की क्लब बाहेरून आत कापत येतो. फेस उघडा आणि वाट बाहेरून आत, बहुतेकांचा स्लाइस याच जोडीने होतो. आणि जितकं जास्त डावीकडे ओढाल तितका बॉल जास्त उजवीकडे वळतो.

आता मला सांगा, हे दुरुस्त न करता मी खांदे वळवायला शिकवलं असतं तर काय झालं असतं? क्लबचा फेस आणि बॉल यांची गाठ पडते ती सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरती. त्या वेळात हाताने काही सुधारता येत नाही. फेस कुठे बघत असेल ते बरंचसं क्लब धरला तेव्हाच ठरलेलं असतं, आणि बॉल सुरुवातीला कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो. त्यामुळे दोन लेसन ग्रिपला गेले ते काही जास्त नाहीत. मी स्वतः येरवड्याच्या कोर्सवर कॅडी म्हणून बॅगा उचलत हा खेळ शिकलो. तिथल्या जुन्या कॅडींनी मला क्लब नुसता धरायला लावून कितीतरी संध्याकाळी उभं केलं होतं, तेव्हा कुठे बॉल समोर ठेवला. तुम्हाला पहिल्या लेसनलाच अर्धी बादली बॉल मारायला दिले. बादलीचे पैसेही पॅकेजमध्येच होते, वेगळे घेतलेले नाहीत.

नवी ग्रिप म्हणजे सुरुवातीला उलट्या हाताने सही करण्यासारखं वाटतं. हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, आणि आधी बिघडेल मग सुधारेल हेही. बिघडलं, सुधारायलाही लागलं होतं. चौथ्या लेसनला सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने) मारलेले तुमचे बॉल त्या पिवळ्या झेंड्याच्या आसपास पडत होते, शेजारच्या जागेवर मारणाऱ्या काकांनीही मान डोलावली होती. मग मधला रविवार आला. तुमची मित्रांबरोबर फोरबॉल (दोघा-दोघांच्या जोड्यांची मॅच) होती, पैजही लावलेली होती. तिसऱ्या होलला बॉल झाडीत गेल्यावर तुम्ही जुन्या ग्रिपवर आलात आणि उरलेला राउंड तसाच खेळलात. हे तुम्हीच हसत हसत सांगितलंत, मी चुगली ऐकलेली नाही. पैज असताना जुनं हत्यार बाहेर काढावंसं वाटणारच, मी समजू शकतो. पण मग पाचवा लेसन पुन्हा ग्रिपवरच गेला, तो मी मुद्दाम लांबवला असं म्हणणं बरोबर नाही.

त्यातच यूट्यूब. मी यूट्यूबच्या विरोधात नाही, मीही बघतो. पण एका आठवड्यात तुम्ही अमेरिकेचा गोल्फर डस्टिन जॉन्सन याच्यासारखं डावं मनगट स्विंगच्या वरच्या टोकाला वाकवून आलात, पुढच्या आठवड्यात उजवं कोपर बरगडीला चिकटवून. जॉन्सनचं मनगट जॉन्सनच्या ग्रिपला आणि कमरेला चालतं. दर वेळी मी आधी ते काढायचो आणि मग आपलं सुरू करायचो. तीस मिनिटं वाटली त्यातली काही अशीही गेली असतील.

बबा वॉटसनचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. २०१२ आणि २०१४ साली तो मास्टर्स जिंकला आणि त्याने कुणाकडे रीतसर लेसन घेतलेले नाहीत. पण तो फ्लोरिडातल्या एका लहान गावात अगदी लहान वयात घराभोवती भोकाभोकांचे प्लॅस्टिकचे बॉल वळवत वाढला. घराला एका बाजूने फेरी, मग दुसऱ्या बाजूने. चाळिशीनंतर शनिवार-रविवार खेळणाऱ्या माणसाला तेवढं बालपण कुठून आणायचं? आणि दुसरं उदाहरण जिम फ्युरिक या अमेरिकन गोल्फरचं बघा. त्याचा स्विंग इतका वेडावाकडा की याला कुणी शिकवलं नसणार असंच वाटावं. तो आयुष्यभर एकाच माणसाकडे शिकला, स्वतःच्या वडिलांकडे, आणि ते क्लबमध्ये शिकवणारे प्रो होते. त्यांनी तो वेडेपणा तसाच ठेवला, फक्त बॉलला लागताना फेस सरळ येतोय ना ते बघितलं. त्यावर तो २००३ ची यूएस ओपन जिंकला आणि २०१६ साली पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये अख्खा राउंड ५८ फटक्यांत खेळला. लेसन म्हणजे सगळ्यांचा स्विंग एका साच्यातून काढणं, असं मीही मानत नाही. क्लब मागे-वर नेण्याचा तुमचा छोटा बॅकस्विंग मी तसाच ठेवला होता, आठवत असेल.

आणि मोठ्या माणसांनाही वेळ लागतो. इंग्लंडचा गोल्फर निक फाल्डो १९८५ च्या सुमाराला डेव्हिड लेडबेटर या कोचकडे गेला, स्विंग मुळापासून बदलला, दोन वर्षं रखडला आणि १९८७ ला ब्रिटिश ओपन जिंकला. तो तर रोज दिवसभर हेच करत होता. आपल्याकडे आठवड्यातून एक लेसन आणि मधल्या दिवसांत सराव शून्य असेल, तर मी काय, लेडबेटर आला तरी स्लाइस दोन महिन्यांत जाणार नाही. लेसनमध्ये मी चूक दाखवतो, योग्य काय ते हाताला एकदा कळवतो. ते हातात मुरवायचं काम घरी आरशासमोर रोज दहा मिनिटं क्लब धरून होतं. त्यासाठी माझी गरज नाही, बादलीही लागत नाही.

‘रेंजवर बरा जातो, कोर्सवर तोच गोंधळ’ असंही तुम्ही लिहिलंय. हा मुद्दा रास्त आहे, आणि तो फक्त तुमचा नाही. रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी घसरत जातो आणि बॉल उडतो. गवतावर तोच फटका जमिनीत रुततो. मॅट खोटं बोलते. म्हणून मागच्या बाजूला गवताची पट्टी केली आहे, पण पावसात तिच्यावर उभं राहता येत नाही. तिचं बघतोय. पहिल्याच दिवशी सगळ्यांना लेखी काहीतरी द्यावं, व्हिडिओ काढून पाठवावेत, असंही चाललंय. मुलगी म्हणते ती करून देईल. परीक्षा संपली की लागेल तीही.

एक बारीक गोष्ट. रिव्ह्यूमध्ये आठ लेसन लिहिलेत, रजिस्टरमध्ये तुमच्या सह्या सात आहेत. आठवा बाकी आहे आणि पॅकेजची मुदत संपली असली तरी तो मी धरतो. मॅटवर नको, गवतावर घेऊ. सोमवारी रेंज बंद असते, बाकी कधीही या. आदल्या दिवशी फोन केलात तर पट्टी कापून ठेवतो. मोजा मात्र नवा आणा, त्या भोकाच्या मोज्यात पुन्हा हात जुन्या जागी जाईल.

तारे वाढवा असं मी कुणालाच म्हणत नाही, तुम्हालाही म्हणणार नाही. स्लाइस गेला नाही हे लिहा, चिखल लिहा, वेळेचंही तुम्हाला तसंच वाटत असेल तर राहू द्या. फक्त पैसे काढायला ग्रिप शिकवली ही एक ओळ तेवढी काढता आली तर बघा, कारण ती माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे आईवडीलही वाचतात.

आपला,
रेंजचा चालक आणि कोच