‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेली कुपी म्हणजे औषध नव्हे

एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: प्रयोगशाळांना विकली जाणारी रीकॉम्बिनंट (म्हणजे माणसाचं जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेली) मानवी प्रोटीन्स आणि इंजेक्शनची औषधं एकच आहेत. शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर असते, प्रोटीन मानवीच असल्यामुळे शरीर ते आपलं मानतं, आणि ‘फक्त संशोधनासाठी’ ही ओळ निव्वळ कायद्यापुरती असते. तेव्हा बिनधास्त टोचून घ्या. ही प्रोटीन्स शुद्ध करणं हेच माझं रोजचं काम आहे, आणि हे वाचून मला गप्प बसवत नाही.

आधी शुद्धता, कारण लोकांना पटतो तो हाच मुद्दा. हा ९५ टक्क्यांचा आकडा बहुतेक वेळा जेलवरून, म्हणजे प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करणाऱ्या मऊ थरावरून, काढलेला असतो. नमुना जेलवर चालवायचा, जेल कूमासीच्या निळ्या रंगात बुडवायचं, मग जास्तीचा रंग धुऊन टाकायचा. पारदर्शक जेलमध्ये एकच ठसठशीत निळा बँड उरला आणि वरखाली फिकट रेघही दिसली नाही, की आम्हाला हायसं वाटतं. पण हा रंग धरतो तो प्रोटीनला. म्हणजे कुपीत जेवढं प्रोटीन आहे त्यातलं ९५ टक्के हवं ते आहे, एवढंच त्यावरून कळतं. प्रोटीन नसलेलं काही त्यात असेल, तर ते या जेलवर दिसतच नाही.

आणि भीती त्याचीच आहे. यातली बरीच प्रोटीन्स ई. कोलाय जिवाणूत बनवतात. पेशी फोडल्या की जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन द्रावणात उतरतं. ते रक्तात गेलं तर हुडहुडी भरून ताप येतो, रक्तदाब कोसळतो, प्रमाण जास्त असेल तर जीवावर बेततं. ‘गाळून घेतलं की झालं’ असंही त्या मजकुरात आहे. ०.२२ मायक्रॉनची गाळणी जिवाणू अडवते, एंडोटॉक्सिन तिच्यातून आरपार जातं. १२१ अंशांच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हलाही ते दाद देत नाही. काचेच्या भांड्यावरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता लागते, आणि तिथे प्रोटीन कुठलं टिकायला!

जरा हिशेब करून बघा. इंजेक्शनच्या औषधांसाठी सर्वसाधारण मर्यादा आहे दर किलो वजनामागे तासाला ५ एंडोटॉक्सिन युनिट. ६० किलोच्या माणसाला ३००. प्रयोगशाळेच्या कुपीवर ‘दर मायक्रोग्रॅमला १ युनिटपेक्षा कमी’ अशी हमी सर्रास दिसते. ताटलीतल्या पेशींना आम्ही नॅनोग्रॅममध्ये प्रोटीन घालतो, तिथे ती पुरेशी आहे. पण त्याच हमीखाली एक मिलिग्रॅम टोचलं तर जवळपास १,००० युनिट शरीरात जाऊ शकतात, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून जास्त. कित्येक प्रोटीन्सची तर ही चाचणी केलेलीच नसते.

आता ‘मानवी’. अमिनो आम्लांचा क्रम माणसाचा, इतकाच त्याचा अर्थ, आणि तो पुष्कळदा औषधातल्यासारखाच असतो हे मान्य. पण शुद्ध करताना निकेलच्या कॉलमला (प्रोटीन धरून ठेवणाऱ्या नळीला) चिकटावं म्हणून आम्ही त्याला हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या सहा कड्यांची शेपटी जोडतो, ती अनेकदा तशीच राहते. टिकाऊपणासाठी काही कुप्यांत गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन मिसळलेलं असतं. शिवाय नेहमीचा ई. कोलाय माणसाच्या पेशींसारख्या साखरेच्या साखळ्या जोडत नाही. लाल पेशी बनवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोइटिन या संप्रेरकाच्या वजनातला सुमारे ४० टक्के वाटा या साखळ्यांचा असतो. त्या नसतील तर ते रक्तातून झटपट निघून जातं.

शरीर ते आपलं मानतं, हेही गृहीत धरता येत नाही. १९९८ मध्ये युरोपात विकल्या जाणाऱ्या एका एरिथ्रोपोइटिनच्या औषधातून मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० हा प्रोटीन टिकवणारा पदार्थ घालण्यात आला. प्रोटीन तेच होतं. पुढच्या काही वर्षांत ते घेणाऱ्या मूत्रपिंडाच्या काही रुग्णांत त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या. त्या अँटिबॉडींनी शरीराचं स्वतःचं एरिथ्रोपोइटिनही निकामी केलं, लाल पेशी बनणं थांबलं आणि रुग्णांना रक्त चढवत राहावं लागलं. नेमक्या कारणावर बराच वाद झाला. पण हे घडलं ते मान्यताप्राप्त औषधाच्या बाबतीत.

राहिली लेबलची ओळ. निर्जंतुकता, विषाणूंची तपासणी, माणसातली मात्रा, यांतलं काही या कुपीसाठी झालेलं नाही, हे ती सांगते. प्रयोगशाळेत मानवी इन्सुलिन १९७८ मध्ये बनलं, औषध म्हणून मान्यता मिळाली १९८२ मध्ये. मधल्या वर्षांत अशाच तपासण्या झाल्या.

मात्रेचंच बघा. १० मायक्रोग्रॅमची कुपी उघडण्याआधी आम्ही ती सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवतो, कारण भुकटी इतकी थोडी असते की झाकणाला चिकटली तर दिसतही नाही. सोबतच्या कागदावर आकडा असतो तो ताटलीतल्या पेशींवर निम्मा परिणाम दिसायला किती नॅनोग्रॅम लागतात याचा. माणसाला किती द्यायचं, ते त्यात कुठेच नसतं.

कुणी आधीच टोचून घेतलं असेल आणि हुडहुडी, ताप किंवा चक्कर जाणवत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि कुपी सोबत न्या. ती कशात बनवली आणि त्यात काय मिसळलं आहे, हे डॉक्टरांना तिच्यावरच्या बॅच नंबरवरून शोधता येईल.