बाग समितीचे चार अनुभवाचे बोल

तुमच्या सोसायटीत अडीच ते सहा वर्षांची पोरं असतील आणि मागच्या कोपऱ्यात अजून मातीचा तुकडा शिल्लक असेल, तर घाबरून जाऊ नका. उपाय आहे. आमच्या बाग समितीने तो केलाय, आणि मी समितीवर असल्यामुळे सल्ला फुकट.

आधी माती उचला. खाली काँक्रीट, वर रबरी फरशा, एक लाल एक हिरवी. उरलेल्या जागेत प्लास्टिकची हिरवळ अंथरा. तिला पाणी नको, कापणी नको. एप्रिलच्या दुपारी ती तव्यासारखी तापते आणि अनवाणी पोर टुणकन उडतं, पण तोही व्यायामच. घसरगुंडी एकच ठेवा. तिच्यावर एकाच रीतीने खेळता येतं, हा तिचा मोठा गुण. तिसऱ्या दिवशी पोरं ती उलटी चढू लागली की पाटी लावा : 'घसरगुंडी उलटी चढू नये.' चार वर्षांचं पोर पाटी कशी वाचणार, हे विचारणाऱ्या सभासदाला पुढच्या सभेत बोलू देऊ नका.

पाण्याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. आमच्याकडे माळ्याचा नळ ठिबकायचा. खाली वीतभर डबकं. एक चार वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी तिथे उकिडवी बसायची. करवंटीने पाणी काढायची, चिखलाचा बांध घालायची, बांध फुटला की 'गेलं गेलं' ओरडायची आणि परत घालायची. पाऊण तास. घरी हीच मुलगी मोबाइल समोर धरल्याशिवाय जेवत नाही, अशी तिच्या आईची तक्रार होती. समितीने तातडीने वॉशर बदलला.

किड्यांचंही बघा. पावसाळ्यात वाणी, म्हणजे ते खूप पायांचे किडे, निघतात. बोट लावलं की वाणी नाण्यासारखा वेटोळं करतो, आणि पोरं तो उलगडेपर्यंत श्वास रोखून बसून राहतात. इतकी एकाग्रता या वयात बरी नव्हे. फवारणी करून घ्या.

कोणी जुनी उदाहरणं देईल. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, आणि तिला नाव कुरणशाळा! ऐकून घ्या, मान डोलवा आणि विषय पार्किंगकडे वळवा. एकात्मिक बालविकास योजना 1975 मध्ये आली, तिच्या केंद्रांना आपण अंगणवाडी म्हणतो. शहरात कित्येक अंगणवाड्या दहा बाय बाराच्या खोलीत भरतात. तिथे नावापुरतं का होईना अंगण आहे, आणि आपल्याला तेवढं पुरे.

आता मातीचा स्पर्श मुलांना हवाच असेल, तर तो विकत मिळतो. डब्यातली न सांडणारी वाळू आणा. ती शंभरात अठ्ठ्याण्णव भाग वाळूच असते, उरलेलं सिलिकॉन तेल. म्हणजे आपण ट्रकभर वाळू-माती पैसे देऊन बाहेर काढली आणि वाटीभर पैसे देऊन आत आणली. यालाच नियोजन म्हणतात. प्लेग्रुपच्या माहितीपत्रकात 'निसर्गानुभव' असं स्वतंत्र कलम आणि त्याची वेगळी फी असते. त्या दिवशी मुलांना हिरवा टीशर्ट घालून पाठवायचं. (माझ्या नातवाला मागच्या वेळी कागदाचं पान मिळालं. रंगवून आणलं होतं, रेषेच्या आत.)

एवढं करूनही आमच्याकडे एक अडचण उरलीच. गुलमोहर. मे महिन्यात तो खाली कळ्या टाकतो, पोरं त्या सोलतात, आतले केसर एकमेकांत अडकवून कोंबड्यांची झुंज लावतात, आणि ज्याचं डोकं तुटेल तो हरला. कचरा किती होतो विचारू नका. शिवाय त्याच्या मुळाने दोन रबरी फरशा उचलल्यात. परवा बघतो तर तिघं जण त्या फटीत हात घालून खालून मूठमूठ माती काढत होते आणि लाल फरशीवर तिचे लाडू वळून ठेवत होते. एक मलाही दिला. मी तो पंचनाम्यासाठी खिशात ठेवला.

झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज माझ्याकडेच भरायला दिलाय. नाव, पत्ता, झाडाची जात, बुंध्याचा घेर, सगळं लिहून झालं. 'कारण' या रकान्याशी दोन दिवस अडलोय. टेबलावर लाडू वाळून भेगाळलाय.