पर्मिशन डिनाइड

गुरुवारी दुपारी उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात चहावाल्या मामांनी माझी अब्रू काढली आणि वर उधारीचे दोनशे दहा रुपयेही नेले. पैशांचं काही नाही. म्हणजे आहे, पण तो मुद्दा नाही.

मालकांना पंपाच्या केसिंगचं जुनं ड्रॉइंग हवं होतं. पॅटर्नवाला खाली ताटकळत उभा. ड्रॉइंगं सगळी लिनक्सच्या सर्व्हरवर आणि ती काढणारा पोरगा दिवाळीत नोकरी सोडून पुण्याला गेलेला. मी ऐटीत काळी स्क्रीन उघडली: फाइंड, डॉट, मायनस नेम, स्टार केसिंग स्टार. म्हणजे, या फोल्डरात आणि त्याच्या पोटात, नावात कुठंही 'केसिंग' असलेली फाइल शोध.

काही नाही. म्हणजे 'सापडलं नाही' हेसुद्धा नाही. कोल्हापुरात पत्ता विचारा, ठाऊक नसलेला माणूसही "सरळ जावा, फुडं इचारा" एवढं तरी म्हणतो. फाइंड मख्ख. कर्सर लुकलुकतोय.

स्टारभोवती अवतरणचिन्हं होती ना, ते बघितलं. ती नसली की स्टार फाइंडपर्यंत पोचेलच असं नाही. शेल, म्हणजे आपण टाइप केलेलं आधी वाचणारा प्रोग्राम, तो मधेच फोडतं आणि समोरच्या फोल्डरात जुळणारी नावं तिथं कोंबून देतं, मग फाइंड भलतंच शोधत बसतं. मागच्या महिन्यात त्यात माझी अख्खी दुपार गेली होती. या वेळी चिन्हं होती. मग मायनस आयनेम केलं, कारण लिनक्सला मोठं 'सी' आणि छोटं 'सी' म्हणजे दोन वेगळी माणसं. तरी काही नाही. लोकेट नावाच्या दुसऱ्या कमांडला विचारलं. ते साठवलेल्या यादीत बघून सांगतं, म्हणून झटपट. पण यादी शिळी असली तर मतदार यादीसारखं, गेलेलेही हजर. त्याच्याकडेही केसिंग नाही.

शेवटी डॉटच्या जागी स्लॅश दिला. शोध म्हणावं सगळा सर्व्हर. स्क्रीनवर धबधबा सुरू झाला आणि नेमके तेव्हाच मामा किटली घेऊन पाठीमागं.

"सायेब, हे काय सारखं सारखं येतंय?"

"पर्मिशन डिनाइड. म्हणजे आत बघायची परवानगी नाही."

"कुणाला?"

"मला."

मामांनी किटली माझ्या रजिस्टरवर ठेवली. त्याचा गोल डाग अजून आहे.

"पर काम्पुटर तुमच्याच ताब्यात हाय न्हवं?"

"हो, पण रूट म्हणून आत जावं लागतं. रूट म्हणजे सर्व्हरवर सगळी परवानगी असलेलं खातं."

"मग जावा की."

"त्याचा पासवर्ड मालकांकडं आहे."

"आसं व्हय." हे 'आसं व्हय' त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की माझा पगारच कमी झाल्यासारखं वाटलं. "आन् हुडकताय काय?"

"केसिंग."

"त्या पोराची फाइल? त्यो कशाला केसिंग म्हणंल? आवो, आमच्या गंगावेशीत खरं नाव इचारलासा तर सख्खा भाऊबी घावायचा न्हाई. टोपणनाव लागतंय. त्या पोराला नाव सुचंना झालं की माझंच घालायचा. मला म्हणायचा, मामा, आज तुमच्या नावानं चार फायली केल्या."

चिडूनच टाइप केलं: मायनस आयनेम, स्टार मामा स्टार. एररची कटकट डेव्ह नलमध्ये ढकलली, तिथं टाकलेलं परत वर येत नाही. अकरा फायली आल्या. मामा, मामा नवीन, मामा फायनल, मामा फायनल खरं. सहावी उघडली तर केसिंग.

मालक हसून हसून खुर्चीत आडवे. "पंधरा वर्षं काम्पुटर बघताय तुम्ही, आणि हुडकलं कुणी?" पंधरा वर्षांत सर्व्हर बंद पडला नाही त्या दिवशी कुणी खाली मान घालून तरी म्हटलंय का, की आज चालू आहे? फायलींना नावं नीट द्या म्हणून मी दोनदा नोटीस लावली. दुसरीच्या पाठीमागं कुणीतरी वड्यांचा हिशोब केलाय.

तरी मी म्हटलं, आता नाव बदलून केसिंग करतो.

"नको," मालक म्हणाले, "असू दे तसंच. मामा म्हटलं की घावतंय."