शून्यापासून स्पॅनिश

काल आमच्या स्पॅनिशच्या बाईंनी मला भर ऑनलाइन वर्गात 'पोको आ पोको' म्हणून चुचकारलं. होईल हं, हळूहळू. आणि त्याच दमात शेजारच्या चौकटीतल्या गृहस्थांना 'एक्सेलेन्ते!' बाईंवर माझा काही राग नाही. ज्यांना एक्सेलेन्ते मिळालं, त्यांच्यावर आहे.

वर्गाच्या जाहिरातीत ठसठशीत लिहिलं होतं: 'अगदी शून्यापासून. पूर्वतयारीची गरज नाही.' मी ते इतकं मनावर घेतलं, की 'ओला', म्हणजे साधा नमस्कार, तोसुद्धा शिकून गेले नाही. पहिल्या तासाला बाईंनी विचारलं, कुणाला थोडंफार येतं का? सगळ्यांनी माना हलवल्या. या गृहस्थांनीही हलवली, आणि आपण अगदीच कोरे आहोत, असं सविस्तर सांगितलं. स्पॅनिशमध्ये.

तेव्हापासून मी मनातल्या मनात त्यांना शून्यराव म्हणते.

काल जोडीजोडीने बोलायचं होतं. नाव काय, काय करता, इतकंच. माझ्या वाट्याला अर्थातच शून्यराव. मी घसा खाकरून सुरुवात केली.

"ओला. मे यामो..."

"शामो."

"अं?"

"मे शामो. दोन 'एल' आले की 'श'. ब्वेनोस आइरेसकडे तसंच म्हणतात."

"पण बाईंनी 'यामो' सांगितलंय."

"तेही चालतं," शून्यराव उदारपणे म्हणाले. "मला आपला तिकडचा लहेजा जवळचा वाटतो."

"राहिलायत का तुम्ही तिकडे?"

"छे हो, मी कुठला जातोय! पण कानाला बरं वाटतं."

माझं नाव अजून सांगून व्हायचं होतं. पण विषय मिटावा म्हणून मी आभार मानले, "ग्रासियास."

"ग्राथियास," शून्यराव म्हणाले. "जीभ जरा दातांत धरायची. हां, अशी." आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन त्यांनी ती धरून दाखवली. माझ्या लॅपटॉपच्या अख्ख्या पडद्यावर एक जीभ आणि तिच्यावर दातांची एक पूर्ण रांग. ती तशीच धरून त्यांनी विचारलं, "दिथलं?"

दिसलं. अजून दिसतंय.

वर्ग सुटल्यावर मी सगळी कामं बाजूला ठेवून त्या उच्चारांच्या मागे लागले. 'शामो' म्हणणारे ब्वेनोस आइरेसचे लोक 'ग्राथियास' म्हणतच नाहीत! तो 'थ' स्पेनच्या बऱ्याचशा भागातला. अख्खी लॅटिन अमेरिका, कॅनरी बेटं आणि दक्षिण स्पेनचा बराच मुलूख माझ्यासारखंच सरळ 'ग्रासियास' म्हणतो. म्हणजे या माणसाचं बोलणं ब्वेनोस आइरेसला सुरू होतं आणि माद्रिदला संपतं. मध्ये सुमारे १०,००० किलोमीटर आणि अटलांटिक महासागर. आणि पोको आ पोको कुणाला? मला.

एवढ्यावर थांबतील तर ते शून्यराव कसले! मी चॅटमध्ये 'कोमो एस्तास?', म्हणजे 'कसा आहेस?', असं लिहिलं, तर त्यांनी खाली नुसतं एक उलटं प्रश्नचिन्ह टाकलं. स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या सुरुवातीलाही ते लागतं, हे मलाही माहीत आहे. माझ्या कीबोर्डला माहीत नाही. माद्रिदच्या स्पॅनिश अकादमीने १७५४ साली आपल्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात हे काढलं. लांबलचक वाक्य वाचून दमलेल्या माणसाला हा प्रश्न होता हे शेवटी कळू नये, म्हणून. कल्पना चांगली आहे, पण मुळात तो नियम लांब वाक्यांपुरता होता. माझा प्रश्न दोन शब्दांचा. अठराव्या शतकात मला कुणी हटकलं नसतं.

लिंगाबद्दल मी तक्रार करणार नाही. तीन-तीन लिंगं सांभाळणाऱ्या मराठी माणसाने स्पॅनिशच्या दोन लिंगांना घाबरू नये. तरीही 'मानो' म्हणजे हात, शेवटी 'ओ', तो स्त्रीलिंगी. आणि 'प्रोब्लेमा', शेवटी 'आ', तो पुल्लिंगी, हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ कॅमेरा बंद केला होता.

एक जागा मात्र माझी हक्काची होती. 'मला पुस्तक आवडतं', 'मला पुस्तकं आवडतात': स्पॅनिशमध्ये अगदी हीच घडण. मे गुस्ता, मे गुस्तान. इंग्रजीतून शिकणारे इथे डोकं धरून बसतात. आपल्याला ते फुकटात मिळालेलं. मी हात वर केला. बाईंचं लक्ष जाईपर्यंत शून्यराव माइक चालू करून म्हणाले, "हे तर मराठीसारखंच आहे!" मग तेच त्यांनी स्पॅनिशमध्येही सांगितलं. बाई हरखल्या.

मला विचाराल तर प्रश्न एकट्या शून्यरावांचा नाहीच. एक माणूस पुढचं जाणतो म्हटल्यावर वर्ग त्याच्या चालीने चालू लागतो. "समजलं ना सगळ्यांना?" असं बाई विचारतात आणि सगळ्यांच्या वतीने तोच "सी, सी" म्हणतो. बाकीचे गप्प, कारण 'नाही समजलं' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं तेच समजलेलं नसतं. फी मात्र सगळ्यांना सारखी. काल शून्यरावांच्या तोंडून निसटलं, की ए-वनची परीक्षा ते मागेच पास झालेत. "पण पाया पक्का हवा ना!" ए-वनपासून सी-टूपर्यंत चांगल्या सहा पायऱ्या आहेत, आणि हे सर्वांत खालच्या पायरीवर सतरंजी टाकून बसलेत! एक्सेलेन्ते तिथेच मिळतं ना. वर गेलं की पोको आ पोको सुरू.

पुढच्या वेळचा गृहपाठ आहे आपल्या जोडीदाराचं वर्णन. 'आहे' साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं: स्वभाव सांगायचा तर 'सेर', तात्पुरती अवस्था असेल तर 'एस्तार'. चिकट, डोकं खाणाऱ्या माणसाला 'पेसादो' म्हणतात, एवढं मी शोधून ठेवलंय. क्रियापदाचाही विचार करावा लागला नाही, सरळ 'सेर'. वाक्य तयार आहे, पाठ आहे, आरशासमोर म्हणूनही पाहिलंय.

पण ते शून्यरावांच्या तोंडावर म्हणायचंय. आणि मला पक्कं माहीत आहे, ऐकून झाल्यावर ते मान तिरकी करून म्हणणार, "वाक्य बरोबर आहे हो. 'स' जरा घासतोय."