गायरान लवकर उजाड करायचंय? हे करा

नांदगाव, येवला, सिन्नरकडच्या मंडळींनो, पहिला पाऊस पडला की चौथ्या दिवशी सगळी गुरं गायरानात सोडा. माळ नुसता हिरवा दिसला तरी पुरे. मुळातली शिल्लक खर्चून फुटलेला तो कोंब खुडला तर मूळ उपाशी मरतं, गवत वीतभर होऊ द्या, असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. परवाच्या ग्रामसभेत चराईबंदीचा विषय ‘आज्यापासून चरतात’ एवढ्यावरच मिटला, तसा मिटवा.

जमीन ओली असतानाच गुरं फिरवा. खुरांनी माती घट्ट दाबली की पाणी मुरत नाही, थेट ओढ्याला जातं.

हिशेब मुळीच करू नका. तीनशे किलोची गाय दिवसाला साडेसात किलो कोरडा चारा खाते, म्हणजे वर्षाला पावणेतीन टन. झिजलेल्या माळावर हेक्टरी टनभर निघाला तरी नशीब, आणि त्यातला निम्मा मुळांसाठी, बियांसाठी मागे ठेवावा लागतो. म्हणजे ४० हेक्टरांवर वर्षभर गाई किती? सात! नुसत्या पावसाळ्याचे चार महिने चारायच्या म्हटल्या तरी बावीस. पाच-सहा शेळ्यामेंढ्या मिळून एक गाय धरा, आणि आता गावातली दावणी मोजा. मोजवत नाही ना? मग पवन्या, मारवेल ही चवीची गवतं गेली कुठं, तरोटा आणि कुसळी गवतच का उरलं, असं विचारू नका. गुरं चवीचं आधी खातात, नको ते सोडतात, आणि त्याचंच बी पडतं.

खापर मेंढपाळांवर फोडा. ते चार दिवसांत वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, हलवतात, आपली गुरं बारमाही तिथंच.

गायरानावरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच राज्यांना बजावलंय. तिकडे बघूच नका, त्यात आपल्याच भावकीचे वीस गुंठे निघतील.

अहो, लाज वाटू द्या जरा. गायरानाचे चार भाग पाडायला कसली सरकारी योजना लागते? दरसाल एक भाग दसऱ्यापर्यंत बंद, बी गळू द्यायचं, मग विळ्यानं कापून घरी न्यायचं. पुढच्या साली दुसरा भाग. राखणदाराला घरटी वर्गणी काढा. तेवढंही जमत नाही, आणि मार्चमध्ये चारा छावणीसाठी तहसीलवर मोर्चा नेणारे पहिले तुम्हीच!